समोरची खोली रिकामी करताना

यंदा कानबाई आमच्याकडे बसणार हे आईनं मला मेथी निवडता निवडता सांगितलं. उद्या सिलिंडर येणार आहे, हे सांगावं इतक्या साध्या आवाजात. मी दारातच थांबले. आमच्या घरात देव्हारा नाही. नाना, म्हणजे माझे वडील, देव मानत नाहीत, मी तर त्यांच्याहून मानत नाही, आणि आई मानते की नाही हे आम्ही दोघांनी तिला कधी विचारलं नव्हतं.

खानदेशात वाढलेल्याला कानबाई सांगावी लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, भाऊबंदकीतल्या, म्हणजे एकाच कुळातल्या, एका घरात कानबाई बसते. नारळाला नथ घालतात, डोळे लावतात, चौरंगावर मांडतात. सगळ्या घरांतली माणसं त्या एका घरी गोळा होतात, सगळ्यांच्या वाटच्या पिठाचे रोट तिथंच होतात, आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर पोचवतात. ज्या घरी ती बसते ते घर आधी पंधरा दिवस धुतात, रंगवतात, सजवतात. आमच्या भाऊबंदकीत ही पाळी फिरायची आणि आमच्या दारापाशी आली की पुढच्या घरी जायची. आम्हाला वाटायचं, नानांच्या मतांमुळे. आईला खरं कारण माहीत होतं: आमची समोरची खोली.

या वर्षी पाळी धुळ्यातल्या सगळ्यात मोठ्या घराची, अक्कांच्या घराची होती, पण तिथं छत पाडून काम चाललं होतं. अक्का म्हणजे नानांच्या थोरल्या चुलत भावाची बायको. त्यांच्या शब्दाशिवाय भाऊबंदकीत बारशाचा दिवसही ठरत नाही. आईनं त्यांना फोन केला, आमच्याकडे बसवा म्हणाली. अक्का हसल्या, बसवायला जागा कुठंय म्हणून.

"तुन्ह्याकडे? आन बसाडशी कथी? पत्रकंवर?"

हे आईनं मला जसंच्या तसं सांगितलं आणि मेथीच्या काड्या बाजूला केल्या. तिला राग आला होता की नाही, मला कळलं नाही. "मी म्हटलं, रविवारपर्यंत बघा खोली. मग बोला."

तर ती खोली. दारातून आत आलं की डावीकडे नानांच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे, सुतळीनं बांधलेले, कमरेइतके उंच. मी लहानपणी घड्या घालायला शिकले त्या कपड्यांच्या नाही, पत्रकांच्या. उजवीकडे एकात एक घातलेल्या बारा प्लास्टिकच्या खुर्च्या, कारण बैठक कधीही लागू शकते. दारामागे गुंडाळलेले फलक, त्यांच्या काठ्या. भिंतीवर चार वेगवेगळ्या वर्षांची कॅलेंडरं, कारण मागच्या बाजूला फोन नंबर लिहिलेले. लोखंडी कपाट, त्याच्यावर बॅटरीवर चालणारा भोंगा. नाना वर्कशॉपमधून निवृत्त झाले, खोली झाली नाही. कुणीही यायचं, खुर्ची ओढून बसायचं. मला या खोलीचा अभिमान होता. इथं कुणाला चप्पल कुठं काढू असा प्रश्न पडत नाही, हे मी कॉलेजात कितीतरी जणांना सांगितलं होतं.

पण आईच्या माणसांना पडायचा. भडगावहून तिच्या बहिणी आल्या की त्या दारात उभ्याउभ्या बोलून मागच्या ओट्यावर जायच्या. भाऊबंदकीतल्या बायका हळदीला बोलवायला यायच्या त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या नाहीत. "बैठक चालू असेल," म्हणायच्या. बैठक नसली तरी. आई इथं लग्न होऊन आल्याला तीस वर्षं झाली. तिच्याकडे, फक्त तिच्याकडे, कुणी समोरच्या खोलीत बसायला आलेलं मला आठवत नाही. हे माझ्या लक्षात त्या मेथीच्या दिवशी आलं, आणि त्यानं मला आईचा राग आला. का, ते अजून सांगता येत नाही.

मी नानांकडे गेले. मला वाटलं ते तरी भांडतील.

"देव बसवताहेत आपल्या घरात," मी म्हणाले.

"माणसंही बसतील ना?" ते पेपरमधून म्हणाले.

"तुम्हाला चालतं?"

"तुझ्या आईनं तीस वर्षं माझ्या बैठकांना चहा केला. तिला चालतं का, मी कुठं विचारलं होतं?"

हे उत्तर बरोबर होतं आणि मला पटत नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच मी एक पत्रक लिहिलं होतं, लग्नाकार्यातल्या दिखाव्याबद्दल. घरं रंगवायची, पडदे आणायचे, पाहुणा गेला की पुन्हा त्याच कळकट भिंती, हे आपण कुणाला फसवतो, असं त्यात होतं. ते पत्रक मी याच खोलीत बसून लिहिलं होतं. आता त्याच खोलीला रंग.

"तू हात जोडू नको," आई संध्याकाळी म्हणाली. "तुला कोणी सांगणार नाही. मला फक्त खोली करून दे. तुला जमतं ते."

"मला कधीपासून जमायला लागलं?"

"पत्रक करतेस ना. अर्धा कागद कोरा सोडतेस. नाना तुझ्याशी भांडतात, कागद वाया घालवते म्हणून. पण लोक तुझंच वाचतात."

आई माझी पत्रकं बघते, आणि एवढं बघते, हे मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हणाले.

आणि मग मला जी नशा चढली तिची मला अजून लाज वाटते की मजा वाटते, ठरत नाही. सुरुवात मी फक्त काढून टाकण्यापासून केली. गठ्ठे मागच्या खोलीत पलंगाखाली. खुर्च्या माळ्यावर. कपाट नाना आणि मी दोघांनी ढकलत आतल्या खोलीत नेलं. चार कॅलेंडरांतले नंबर वहीत उतरवले आणि कॅलेंडरं उतरवली. खिळे उपटले. भिंत मोकळी झाली तेव्हा कळलं, तिच्यावर दुपारी तीनपासून उजेडाचा एक तिरका पट्टा पडतो. सत्तावीस वर्षं मी या घरात राहते आणि तो मी पाहिला नव्हता.

पत्रकाचा नियम असा, की मथळा एकच हवा. दोन मथळे झाले की वाचणारा दोन्ही सोडतो. मी ठरवलं, या खोलीतही नजर एकाच जागी जायला हवी. भिंतीला पांढरा रंग दिला. कोपऱ्यात आईची पितळी कळशी चिंचेनं घासून ठेवली, तिच्यात केळीची दोन पानं. ट्यूबलाइट बंद करून खालच्या बाजूला एक पिवळा बल्ब. खिडकीला आईच्या विटक्या सुती साडीचा पडदा, करडा, काठ काढलेला. पैसा जवळपास लागलाच नाही. मी मागं सरून बघायची आणि माझ्या पोटात काहीतरी निवायचं. मग मला प्रश्न पडायचा, हे कुणासाठी करतेय मी? आईसाठी? की अक्कांनी हसू नये म्हणून? अक्कांनी हसू नये म्हणून असेल तर माझ्या त्या पत्रकाचं काय?

शुक्रवारी आई आग्रा रोडवरून पिशवी भरून आली. नारिंगी साटीनचा पडदा, त्याला सोनेरी झालर. प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण. मखरासाठी चमकीचे कागद. तिनं ते सगळं खोलीत मांडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"भडक आहे, आई," मी म्हणाले.

"कानबाई भडकच असते."

"एवढं सगळं लावलं तर काहीच दिसत नाही. डोळ्याला थांबायला जागा पाहिजे." आणि मी तिला पाच मिनिटं समजावलं. आई ऐकत होती. मग तिनं पडद्याची घडी घातली, झालर आत घेऊन, आणि ट्रंकेत ठेवून दिली. ट्रंकेची कडी लागली तेव्हा मला माझाच आवाज कुठल्यातरी बंगल्यातल्या बाईसारखा वाटला. मोलकरणीला फुलदाणी कुठं ठेवायची ते सांगणाऱ्या. तरी मी पडदा परत काढ म्हणाले नाही. मला माझी खोली आवडली होती.

राहिली बसायची सोय. खुर्च्यांवर बसलं की एक उंच, एक खाली होतो. जमिनीवर सगळे सारखे. मी माळ्यावरून बैठकीच्या चादरी काढल्या, पांढऱ्या, जाड सुताच्या. मोठ्या बैठकांना आम्ही याच अंथरायचो. धुऊन, नीळ देऊन, भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरल्या. एक सुरकुती ठेवली नाही. पांढरी भिंत, पांढरी चादर, कोपऱ्यात पितळ आणि हिरवं पान. शनिवारी संध्याकाळी आई दारात आली. चौकटीला हात लावून उभी राहिली.

"छान दिसतंय," ती म्हणाली.

"नक्की?"

"छान दिसतंय ना. म्हटलं की."

रविवारी सकाळी नाना केळीचे खांब आणायला बाजारात गेले. आई मागं भाजीसाठी गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरत होती. मी आंघोळ करून केस पुसत होते तेव्हा रिक्षा थांबल्याचा आवाज आला. अक्का आणि त्यांच्या दोन सुना. धरणगावची मंडळी, नानांचे सगळ्यात वयस्कर काका आबा आणि त्यांची सहा-सात माणसं, गाडी करून निघाली होती आणि दुपारपर्यंत पोचणार होती. मी दार उघडून आत वळले. मागून अक्कांचा आवाज आला नाही म्हणून पुन्हा पाहिलं. अक्का उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. सुनांनीही ओढला. तिघी खाली बघत आत आल्या, भिंतीच्या कडेकडेनं, आणि चादरीच्या अगदी काठावर गुडघे जवळ घेऊन बसल्या. धाकटी सून नाकाला पदर लावून हुंदका देऊ लागली.

मला काहीच समजेना. मी पाणी आणलं. कुणी घेतलं नाही.

"कोन गयं वं माय?" अक्कांनी हळूच विचारलं.

"कुठं?" मी म्हणाले. मला वाटलं त्या बाजारात कोण गेलंय ते विचारताहेत. "नाना गेले."

अक्कांनी छाती पिटली नाही एवढंच. "देवा रे," म्हणून त्यांनी डोळे मिटले. थोरली सून उठली, दारात गेली, आणि तिथूनच फोनवर कुणालातरी सांगू लागली, पीठ आणू नका, सुतक पडलं, सुतकमा कानबाई बसस का, जिथं असाल तिथून परत फिरा.

तेव्हा आई आली. हातात गंगाफळाची फोड. तिनं तिघींकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

मला तोवर कळलं नव्हतं. आमच्याकडे कुणी गेलं की लोक दारवर येतात. म्हणजे ज्याच्या घरी दुःख झालं त्याच्या दारी बसायला येतात. नाना मला कधी कुणाच्या दारवर घेऊन गेले नाहीत, घरची बाई रडायला लागली की सगळ्यांनी रडायचं, हे नाटक पोरीनं कशाला बघायचं, म्हणायचे. दारवर येणाऱ्यांसाठी घरातलं सामान आत नेतात, भिंतीवरचं उतरवतात, आणि समोरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरी चादर अंथरतात. कोपऱ्यात मंद दिवा. मी जे आठवडाभर खपून केलं होतं ते भाऊबंदकीतली प्रत्येक बाई डोळे मिटून ओळखते.

आई काही बोलणार एवढ्यात नाना दारात आले. घामानं डबडबलेले, खांद्यावर केळीचे दोन खांब. धाकट्या सुनेनं किंकाळी फोडली.

"काय झालं?" नाना म्हणाले.

"तुम्ही वारलात," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

"कधी?"

अक्का पदर मागे सारून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "येवढा मोठा झाया, पन दारमा कसं यावं ते नही समजनं तुले." आणि त्यांना हसू फुटलं, ते थांबेना. सुना हसायला लागल्या. रडत होती ती सगळ्यात जास्त. नाना खांब खाली ठेवून, उभे होते त्या जागेकडे बोट दाखवत म्हणाले, "मी तं आठेच शे, अक्का. पण एवढ्या लवकर रडायला आलात, बरं वाटलं." थोरलीनं पुन्हा फोन लावला. धरणगावची गाडी पारोळ्यात एका चहाच्या टपरीवर थांबली होती आणि परत फिरायचं की दारवर यायचं, यावर आत भांडण चाललं होतं. आबा म्हणत होते, निघालोच आहोत तर तोंड तरी दाखवू.

मी हसले नाही. मला आईचा चेहरा दिसत होता.

अक्कांचं हसणं ओसरलं तसा आवाज बदलला. "पन हाई काढा पहिलं. सणना दिवस पांढरं. मी म्हनतच व्हतू, आठे जमाव नही. सामान भरी ल्या, आम्ही दुसरं घर दखतस."

दुसरं घर बघतो. मी खाली वाकले आणि चादरीचं टोक गुंडाळायला लागले. हे मी केलं होतं. तीस वर्षांत एकदा आईनं काही मागितलं आणि मी तिच्या खोलीत मयताची बिछायत घातली. तीही कोऱ्या जागेच्या आणि समतेच्या नावानं.

"राहू दे," आई म्हणाली.

मी वर पाहिलं. ती मला म्हणाली होती, बघत होती अक्कांकडे.

"माले आवडनं म्हनीसन आथरं," ती म्हणाली.

अक्का म्हणाल्या, "आवडनं म्हनीसन सुतक आथरशी?"

आईनं पदर खोचला. ती आत गेली, पिठाची परात घेऊन आली, आणि चादरीच्या बरोबर मध्यभागी, जिथं मी सकाळपासून पाय ठेवला नव्हता, तिथं मांडी घालून बसली. हळदीचे हात चादरीलाच पुसले. मग ट्रंकेतला नारिंगी पडदा आणायला मला पाठवलं, आणि नानांना म्हणाली, खिळे पुन्हा ठोका, इथं मागे बांधा. नाना हातोडी घेऊन आले. माझ्या भिंतीत त्यांनी चार खिळे ठोकले.

"या आता बसायला," आई अक्कांना म्हणाली, "नाहीतर बठ्ठासना रोट मी एकलीच करस." सगळ्यांचे रोट, एकटीनं.

अक्का उभ्या राहिल्या. पिठात पाणी पडल्याचा आवाज मला आठवतो. मग त्यांनी आपल्या पिशवीतून एक लाल टॉवेल काढला, चादरीवर पसरला, आणि त्याच्यावर बसल्या. चादरीवर नाही, टॉवेलवर. परात स्वतःकडे ओढली. "पानी जास्त व्हई गयं," म्हणाल्या.

दुपारपर्यंत धरणगावची मंडळी आली. त्यांच्यातल्या बायका दारात एकदा थबकल्या, नारिंगी पडदा बघितला, नाना जिवंत बघितले, आणि आत शिरल्या. संध्याकाळी त्या चादरीवर पिठाचे, हळदीचे, गंगाफळाच्या भाजीचे, लहान मुलांच्या पायांचे एवढे डाग होते की तिला पांढरी कुणी म्हटलं नसतं. माझी कळशी कुणीतरी पाण्याला नेली. पिवळा बल्ब काढून ट्यूब लावली, कारण नथीचे मोती दिसत नव्हते. कानबाई त्या झगझगीत पडद्यासमोर बसली होती, आणि खोली अशी दिसत होती की मी तिचं पत्रक केलं असतं तर नानांनीसुद्धा परत पाठवलं असतं. पण माणसं भिंतीला टेकून बसली होती. पाय पसरून.

सोमवारी पांझरा नदीवर कानबाईला पोचवून आल्यावर मी आईला गाठलं. ती चादरी भिजवत होती.

"तुला शनिवारीच दिसलं होतं ना?"

"काय?"

"चादर. दारवरची. तू शंभर ठिकाणी जाऊन आलीयस."

"दिसलं ना."

"मग सांगितलं का नाही? अक्का उठून गेल्या असत्या तर?"

आईनं चादर पिळली. "तू एवढी हौसेनं करत होतीस. आणि सांगितलं असतं तर तू पत्रक काढलं असतंस, पांढऱ्या रंगावर अन्याय म्हणून."

हा विनोद होता. मी हसलेही. पण नंतर मला सुचत गेलं, की माझ्या हौसेसाठी तिनं स्वतःची एकुलती एक संधी पणाला लावली. की तिला खरंच ती पांढरी खोली आवडली होती, मयताची असो नाही तर बैठकीची? की अक्कांसमोर मध्यभागी बसायला तिला काहीतरी कारण हवंच होतं? मी एक पत्रक लिहायला बसले, सणातल्या दिखाव्यावर. पहिली ओळ लिहिली, खोडली. दुसरी बाजू घेऊन लिहिली, तीही खोडली. कोऱ्या जागेवरचा माझा विश्वास उडाला नाही, पण कोरी जागा कुणाला काय सांगते हे मला ठाऊक आहे, असं आता मी म्हणणार नाही.

गुरुवारी दुपारी दार वाजलं. अक्कांची धाकटी सून होती. एकटी. मी विचारलं, काय काम होतं?

"काम काही नाही," ती म्हणाली. "काकूंकडे बसायला आले."

आई आतून हात पुसत आली. दोघी भिंतीला टेकून बसल्या. मी तिथंच उभी राहिले, कारण या खोलीत कुणी आलं की मी बसते, बोलते, मुद्दा काय ते विचारते, मला तशीच सवय आहे. आईनं वर पाहिलं.

"तू आत जा, बाई. लिहीत बस. आम्ही बोलतोय."

मी आत गेले. पलंगाखालच्या गठ्ठ्यांना टेकून बसले. बाहेर त्या दोघी हसत होत्या, थांबत होत्या, पुन्हा हसत होत्या. कशाला, ते भिंतीतून ऐकू आलं नाही.